एक्सेलच्या वरच्या टूलबारवर आडतीच्या हिशोबाची बटणं बसवता येतात का?

मोंढ्यातली हिशोबनीस (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) एका आडत दुकानात मी हिशोबाला आहे. सध्या सोयाबीनचा सीझन. दुपारी सौदा निघाला की अंधार पडेपर्यंत खिडकीपुढची रांग हलत नाही. प्रत्येकाला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, लगेच हातात पाहिजे, कारण गावाकडं जाणारी शेवटची गाडी कुणासाठी थांबत नसते.

पट्टीचा हिशोब बहुतेकांना माहीत असेल, नसेल त्यांच्यासाठी सांगते. समजा २५ कट्टे आले, वजन भरलं १२ क्विंटल ४७ किलो, भाव निघाला ४,३५०. रक्कम झाली ५४,२४४ रुपये ५० पैसे. त्यातून कट्ट्यामागं हमाली आणि तोलाई वजा. शेतकऱ्यानं पेरणीच्या टायमाला उचल घेतली असली तर तीही वजा. राहिली ती निव्वळ रक्कम, ती आकड्यात आणि अक्षरात लिहायची.

माझ्या आधी इथं जे मुनीम काका होते, त्यांच्याकडं एक्सेल २००३ होतं. आल्ट दाबून धरायचं, बटण माउसनं उचलायचं आणि पाहिजे तिथं नेऊन ठेवायचं. बेरीज, सरासरी, कॅल्क्युलेटर, व्हॅल्यू पेस्ट (सूत्र सोडून नुसता आकडा चिकटवणं), फिल्टर, सगळं एका ओळीत मांडून ठेवलं होतं त्यांनी. माणूस मान वर न करता काम करायचा. काका आता गावी शेती बघतात, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. सध्या दुकानात एक्सेल २०१० आहे आणि मालकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर नवीन ३६५. दोन्हीकडं ती रुंद रिबन (टॅबांत वाटलेल्या बटणांचा वरचा पट्टा), आणि मी दिवसभर होम, फॉर्म्युलाज, डेटा ह्या टॅबांमध्ये येरझाऱ्या घालते.

मला पाहिजे ते असं: एकूण वजन, सरासरी भाव आणि हमाली-तोलाई-उचल वजा जाता निव्वळ रक्कम, हे तीन हिशोब एकेका बटणावर यावेत. माउस नसला तरी चालेल, किबोर्डवरून झालं तर अजून बरं. आणि एकदा केलेली मांडणी दुसऱ्या कॉम्प्युटरवरही दिसली पाहिजे. येळवसच्या (वेळा अमावस्येच्या) आधी बसवून टाकायचंय, नंतर तूर सुरू झाली की डोकं वर काढायला मिळणार नाही.

---

क्लासवाले सर (उदगीर)

ताई, तुमच्या काकांसारखं आल्ट धरून बटणं ओढण्याचं सुख २००७ पासून गेलं. त्या साली रिबन आली आणि मोकळे टूलबार बंद झाले. उरली एक छोटी ओळ, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. आमच्या क्लासला येणारी दहातली नऊ मुलं तिच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. सेव्ह आणि अनडू एवढंच तिथं असतं असा समज.

रिबनवरच्या कुठल्याही बटणावर राइट क्लिक करा, ‘अ‍ॅड टू क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ म्हणा, बटण वर जाऊन बसलं. ऑटोसमच्या शेजारचा बाण उघडून आतल्या अ‍ॅव्हरेज, मॅक्स, मिन वरही असंच राइट क्लिक करता येतं. जे रिबनवर दिसतच नाही त्यासाठी फाइल, मग ऑप्शन्स, मग क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. तिथं वरच्या यादीत ‘कमांड्स नॉट इन द रिबन’ निवडा. काकांचा कॅल्क्युलेटर तिथं सापडेल, विंडोजचाच कॅल्क्युलेटर उघडतो तो.

किबोर्डचं म्हणाल तर आल्ट दाबा, प्रत्येक बटणावर आकडा उमटतो. पहिली नऊ बटणं आल्ट-१ ते आल्ट-९. आकडा जागेवर ठरतो, म्हणून सगळ्यात जास्त लागणारं बटण ऑप्शन्समधल्या बाणानं सगळ्यात वर सरकवा. सेव्हला आल्ट-१ वर बसू देऊ नका, त्याला कंट्रोल-एस आहेच.

नव्या ३६५ मध्ये ही ओळ कधी कधी लपवलेली असते. रिबनवर राइट क्लिक करून ‘शो क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ म्हणा आणि रिबनच्या खाली घ्या. हात कमी फिरतो.

---

जिनिंगचा अकाउंटंट (माजलगाव)

सरांनी रस्ता बरोबर सांगितला. पण ताई, तुम्ही जे तीन हिशोब बटणावर मागायले, त्यातले दोन बटणावर नसावेतच असं माझं मत आहे. जरा सविस्तर लिहितो, सीझन मीही बघितलेत.

आधी सरासरी भाव. टूलबारवर अ‍ॅव्हरेजचं बटण बसवलं, भावाचा रकाना निवडला, आल्ट-२ दाबलं, आकडा आला. पण तो आकडा काय सांगतो? एका शेतकऱ्याचा २ क्विंटल माल ४,५०० नं गेला, दुसऱ्याचा २० क्विंटल ४,२०० नं. बटण सांगणार ४,३५०. प्रत्यक्षात ९३,००० रुपयांत २२ क्विंटल माल आला, म्हणजे क्विंटलला ४,२२७ रुपये २७ पैसे. क्विंटलमागं सव्वाशे रुपयांच्या जवळ फरक. मालक त्या सरासरीवर डाळमिलवाल्याशी किंवा प्लँटवाल्याशी बोलणार असतील तर हे बटण दुकान बुडवेल. भावाची सरासरी नेहमी एकूण रक्कम भागिले एकूण वजन. त्यासाठी शीटच्या माथ्यावर एक खाना कायमचा राखून ठेवा, बटण नको.

आता निव्वळ रक्कम. हा हिशोब प्रत्येक ओळीत होतो, दर वेळी, एकाच रीतीनं. जे ओळीला स्वतःला कळतं ते तुम्ही बोटानं कशाला सांगायचं? सगळी यादी निवडून कंट्रोल-टी दाबा, म्हणजे तिचं टेबल होतं. रकान्यांची नावं मराठीत ठेवली तरी एक्सेलची काही तक्रार नसते. मग रकमेच्या रकान्यात एकदाच लिहायचं:

=[@वजन]*[@भाव]

आणि शेवटच्या रकान्यात:

=[@रक्कम]-[@हमाली]-[@तोलाई]-[@उचल]

एंटर मारलं की सूत्र आपोआप रकानाभर उतरतं. खाली नवीन शेतकऱ्याची ओळ लिहायला लागलात की तिथंही येतं. हमाली-तोलाईचे दर वेगळ्या शीटवर एकेका खान्यात ठेवा. बाजार समितीनं दर बदलले की तेवढेच दोन खाने बदलायचे. जुन्या पट्ट्यांची फाइल मात्र वेगळी ठेवा, नाहीतर त्यांचेही आकडे फिरतील.

उरलं एकूण वजन. हौ, त्याला बटण ठीक आहे. खरं तर आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की ऑटोसम येतोच. एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते: एका खरेदीदाराचा फिल्टर लावलेला असताना ऑटोसम केलं, तर एक्सेल साध्या बेरजेऐवजी सबटोटल टाकतं आणि फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज करतं. फिल्टर न लावता टाकलेली साधी बेरीज मात्र लपलेल्या ओळीही मोजत राहते. खरेदीदाराला बिल देताना ह्याच ठिकाणी भांडणं होतात.

मग टूलबारवर काय ठेवायचं? हाताची कामं. व्हॅल्यू पेस्ट, फिल्टर लावणं-काढणं, प्रिंट प्रिव्ह्यू, फ्रीझ पेन्स, आणि ‘सिलेक्ट व्हिजिबल सेल्स’. फिल्टर लावून कॉपी करताना शेवटचं लय कामाचं, तेही त्या रिबनवर नसलेल्या यादीतच आहे.

---

मोंढ्यातली हिशोबनीस (लातूर)

सर, दादा, दोघांचेही आभार. सरासरीचं वाचून मालकांना दाखवलं. ते म्हणाले, “हे आम्ही तोंडी असंच करतो की, मशीनला कोण सांगितलं उलटं करायला?” मशीनला कुणी काही सांगितलं नव्हतं, अडचण तीच होती.

पण दादा, सगळं ओळीवर सोडा म्हणताय ते मला अर्धंच पटलं. खिडकीतून माणूस विचारतो, “ताई, अजून पाच कट्टे घरी हायेत, आजच्या भावानं किती बसतील?” त्याची ओळ अजून यादीत नसते आणि टाकायचीही नसते. त्याला तोंडावर आकडा पाहिजे. म्हणून मला बटण हवं होतं. आता तिथं कॅल्क्युलेटर काढला तर हमालीचा दर डोक्यात ठेवून परत वजाबाकी करा, आणि मागं सहा माणसं उभी.

दुसरं, पैशाचं. मालकांना पट्टीवर पैसे नको असतात, पूर्ण रुपये पाहिजेत. म्हणून दशांश कमी करायचं बटण, तो शून्यांवरचा बाण, सगळ्यात आधी वर नेलाय. बरोबर ना?

---

जिनिंगचा अकाउंटंट (माजलगाव)

तोंडी विचारणाऱ्यासाठी शीटच्या वरच्या दोन ओळी मोकळ्या सोडा. तिथं तीन खाने पिवळे करा: कट्टे, वजन, भाव. चौथ्यात तेच सूत्र, दर त्याच दुसऱ्या शीटवरून घेतलेले. फ्रीझ पेन्स करून त्या ओळी जागेवर अडकवा, म्हणजे यादी कितीही खाली गेली तरी त्या डोळ्यापुढं राहतात. तीन आकडे टाइप केले की उत्तर. तिथं कंट्रोल-होम दाबून पोचता येणार नाही, ते फ्रीझच्या खालच्या पहिल्या खान्यात नेतं. डावीकडच्या नावाच्या चौकटीत पहिल्या पिवळ्या खान्याला एक छोटं नाव देऊन ठेवा आणि एफ-५ नं उडी मारा. हा कोपरा बटणापेक्षा भारी, कारण त्यात आकडे दिसतात. बटण फक्त उत्तर देतं, कशावरून दिलं ते सांगत नाही.

दशांशाच्या बटणाबद्दल मात्र सावध. ते आकडा बदलत नाही, फक्त दाखवणं बदलतं. तीन पट्ट्या प्रत्येकी १,००० रुपये ४० पैशांच्या असल्या तर बटण दाबल्यावर तिन्ही १,००० दिसतील आणि खाली बेरीज ३,००१ येईल. शेतकरी बोटं मोडून हिशोब करतो, त्याला ३,००० पाहिजे. तो म्हणणार दुकानात काहीतरी घोळ आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणून निव्वळच्या सूत्राभोवतीच राउंड फंक्शन घाला, दशांश शून्य. मग खरोखर पूर्ण रुपये होतात आणि बेरीज जुळते. पन्नास पैसे आले तर राउंड वर नेतं. तुमच्या उदाहरणात हमाली-तोलाई मिळून २५० धरली तर ५३,९९४.५० चे ५३,९९५ होतील. मालकांना खालीच उतरवायचं असेल तर राउंडडाउन आहे, पण एकदा ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा.

ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘सेट प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड’ असाही एक खटका आहे. कुणी सांगितलं तरी दाबू नका. सगळ्या फाइलमधले टाइप केलेले पण खान्यात दिसत नसलेले दशांश कायमचे जातात, वजनाचे लपवलेले असतील तर तेसुद्धा.

आणि वजन लिहायची पद्धत. जुने मुनीम १२-४७ असं क्विंटल-किलो लिहायचे. कागदावर ठीक. एक्सेलमध्ये १२-४७ टाइप केलं तर त्याला वाटतं डिसेंबर ४७, आणि खान्यात तारीख येऊन बसते. १४-६० टाकलं तर चौदावा महिना नसतो, म्हणून ते नुसता मजकूर होऊन पडून राहतं आणि बेरजेत मोजलंच जात नाही. टिंबच वापरा. आणि टिंबानंतर दोन अंक हवेतच: १२ क्विंटल ५ किलो म्हणजे १२.०५.

---

बचतगटाची ताई (कळंब)

आमच्या गटाचे हिशोब गुगल शीट्सवर असतात. तिथं टूलबारवरची बटणं आपल्याला हलवता येत नाहीत. पण एक्स्टेन्शन्समध्ये मॅक्रो (एकदा करून दाखवलं की नंतर आपोआप चालणारं काम) रेकॉर्ड करून त्याला कंट्रोल-आल्ट-शिफ्ट आणि एक आकडा असा शॉर्टकट देता येतो. नुसती बेरीज बघायची असेल तर आकडे निवडा, खाली उजव्या कोपऱ्यात येते, आणि तिथंच सरासरी, मोजणी पण. एक्सेलमध्येही खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून मिन, मॅक्स चालू करता येतात. माझी निम्मी कामं तेवढ्यावरच भागतात.

---

उबुंटूवाला (नांदेड)

दुकानात एक्सेल २०१० अजून चालवताय म्हणजे अपडेट कधीच बंद झालेत. लिबरऑफिसचं कॅल्क घेऊन बघा, फुकट आहे आणि मेन्यू मराठीत घेता येतात. तुमच्या मुनीम काकांचं जग तिथं अजून जिवंत आहे. टूल्स, मग कस्टमाइझ, मग टूलबार्स. नवा टूलबार बनवा, त्याला ‘मोंढा’ असं नाव द्या, पाहिजे त्या कमांड्स आणि मॅक्रो त्यात भरा, खिडकीच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवा. टूलबार सगळ्या फाइलींसाठी ठेवायचा की त्या एका फाइलीपुरता, हेही तिथंच विचारतं.

---

क्लासवाले सर (उदगीर)

दोन कॉम्प्युटरांचा प्रश्न राहिला होता. ऑप्शन्सच्या त्याच पानावर उजवीकडं वर ‘फॉर ऑल डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असतं. ते उघडून तुमच्या पट्टीच्या फाइलचं नाव निवडा आणि मग बटणं भरा. ही बटणं फाइलसोबतच राहतात. फाइल पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर नेली तरी तिथं उघडताच दिसतात, बंद केली की जातात. २०१० आणि ३६५ दोन्हीत चालतं.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच पानावरचं इम्पोर्ट/एक्स्पोर्ट. पण इम्पोर्ट करताना समोरच्या कॉम्प्युटरवर आधी जे काही बसवलेलं असेल ते सगळं पुसून नवीन येतं. मालकांच्या मुलानं त्याच्या कॉलेजच्या कामासाठी काही मांडलं असेल तर आधी विचारा. आणि मॅक्रो ह्या एक्स्पोर्टमध्ये जात नाहीत, बटण जाईल पण दाबल्यावर काही होणार नाही.

मॅक्रोचं निघालंच आहे तर: रोजची कोरी पट्टी काढणं, आकडे पुसणं, तारीख टाकणं, एवढ्यासाठी रेकॉर्ड करायला हरकत नाही. रेकॉर्ड करताना जागा विचारतं, तिथं ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडलं तर त्या कॉम्प्युटरवर कुठल्याही फाइलमध्ये मिळतो. ओळ जिथं असेल तिथं काम व्हायला पाहिजे असेल तर ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ आधी चालू करा, नाहीतर तो दर वेळी त्याच एका खान्यात जाऊन लिहितो. मॅक्रो चालला की त्याच्या आधीचं अनडू पुसलं जातं. पुसणाऱ्या मॅक्रोच्या आधी सेव्ह करायची सवय ठेवा.

---

मोंढ्यातली हिशोबनीस (लातूर)

काल रात्री दुकान बंद झाल्यावर बसले आणि मांडून टाकलं. फाइलपुरता टूलबार, रिबनच्या खाली. आल्ट-१ ला व्हॅल्यू पेस्ट, दोनला फिल्टर, तीनला दिसणाऱ्या ओळी निवडणं, चारला प्रिंट प्रिव्ह्यू. दशांशाचं बटण काढून टाकलं आणि निव्वळला राउंड लावलं. अ‍ॅव्हरेज ठेवलंच नाही. वरच्या दोन पिवळ्या ओळी आज दिवसभर वापरल्या. एका आजोबांनी काचेतून वाकून बघत स्वतःच विचारलं, “त्या पिवळ्यात भाव शंभरनं वाढवून बघ की, पोरी.” बघितलं. उद्याच्या भावाची त्यांची आशा तेवढ्यात रुपयांत दिसली, मग म्हणाले, राहू दे पाच कट्टे घरीच.

पाचला एक भलतंच सापडलंय, ‘स्पीक सेल्स’. रिबनवर नसलेल्या यादीत होतं. आकडे निवडून दाबलं की इंग्रजीत वाचून दाखवतं. मी काटापावत्या हातात धरून टिक करत जाते, मान वर करावी लागत नाही. हमाल पोरं हसायलेत, पण ताळा लवकर लागतो.

रक्कम अक्षरात लिहायचं तेवढं हातानंच चाललंय. त्याचं काही बटण आहे का? आणि मालकांना ही छोटी चित्रं कळत नाहीत, ते म्हणायले शब्दात लिही.

---

जिनिंगचा अकाउंटंट (माजलगाव)

अक्षरी रकमेचं तयार फंक्शन एक्सेलमध्ये नाही. गंमत म्हणजे थायलंडच्या बाथसाठी आहे, आपल्या रुपयासाठी नाही. व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, लिहावं लागतं. माझ्याकडं लाख-कोटीचं मराठीतलं आहे, उद्या इथं टाकतो. ते पट्टीच्या फाइलमध्येच ठेवा आणि फाइल मॅक्रो-एनेबल्ड प्रकारात सेव्ह करा, साध्या प्रकारात कोड निघून जातो.

मालकांसाठी ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइझ रिबन’ बघा, २०१० पासून आहे. नवीन टॅब करा, नाव मराठीत द्या, आत गट करा, आणि प्रत्येक कमांडला रीनेम करून ‘फिल्टर काढा’, ‘छापा’ असं लिहा. ही मांडणी मात्र फाइलसोबत जात नाही, त्या कॉम्प्युटरवरच राहते. मालक दुकानाच्याच कॉम्प्युटरवर बसत असतील तर तिथं एकदा करून ठेवलं की झालं.